कपाळ कसं ठेवायचं

"कपाळ कसं ठिवायचं?" हा प्रश्न विचारायचं काम माझ्या सासऱ्यांचं होतं आणि त्याचं उत्तर ऐकायचं काम माझं. ते दुकानात काउंटरशी उभे असायचे, मी पडद्यामागे बसलेली असायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "भरलेलं", नाहीतर म्हणायचं, "मोकळं". भरलेलं म्हणजे बाई सवाष्ण गेली, फोटोतलं कुंकू लाल करायचं. मोकळं म्हणजे नवरा आधीच गेलेला, कपाळाला ब्रश लावायचा नाही. दुःखातल्या माणसाला नवरा होता का नव्हता असं तोंडावर कसं विचारायचं, म्हणून त्यांनी ही पद्धत पाडली होती. सासऱ्यांना सगळं इंदापूर आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणायचे.

नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. लग्नाचे फोटो तोवर रंगीत झाले होते, त्यांचे रोल धुवायला बारामतीला जायचे. पण म्हाताऱ्या माणसांचे रंगीत फोटो कोण काढून ठेवतंय? एखादी आजी गेली की घरचे लोक पेटी उपसायचे आणि लग्नाच्या घोळक्यातला, नाहीतर रेशनच्या कागदासाठी काढलेला बोटाएवढा काळापांढरा फोटो घेऊन यायचे. आबा त्या फोटोचा फोटो काढायचे, खरखरीत कागदावर मोठा करायचे आणि मग त्यावर हातानं रंग भरायचा. पूर्ण फोटो रंगवायचा तर आठ-दहा दिवस जात. राख सावडून झाल्यावर लोक दुकानात यायचे आणि दहाव्याला फोटो खुर्चीवर मांडायचा असायचा. तेवढा वेळ कुठला? म्हणून आबांनी तोडगा काढला. बाईचं कुंकू आणि हातातली काकणं, पुरुषाचा फेटा. रंग एवढ्यालाच, बाकी सगळं काळंपांढरं. नाइलाज म्हणून सुरू झालं आणि लोकांना तेच आवडायला लागलं. सबंध रंगवलेलं माणूस जत्रेतल्या बाहुलीसारखं दिसायचं, हे मात्र माणसासारखं दिसायचं.

आता माझी मुलगी फोनवर बोट फिरवते आणि सगळा फोटो काळा होऊन साडी तेवढी लाल राहते. "आई, बघ," म्हणते. मी बघते आणि माझी मान दुखायला लागते.

माझं माहेर भवानीनगरचं. वडील साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर होते. शाळेत असताना मी चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, दोन्हींत पहिली श्रेणी. बारावी झाले होते आणि मला ड्रॉइंग टीचर व्हायचं होतं. दुसरं काही व्हायचं माझ्या मनात कधी आलंच नाही. मला बघायला मंडळी आली तेव्हा आबांनी पोहे अर्धे टाकले आणि माझी चित्रांची वही मागितली. एकेक पान उजेडाला धरून बघितलं. फुलं बघितली नाहीत, फुलांच्या कडा बघितल्या. "रंग कुठंच भाईर गेला न्हाय," म्हणाले. वडिलांची छाती फुगली. मला वाटलं, कलेची कदर असलेलं घर मिळालं. पुढच्या शिक्षणाचा विषय निघाला तेव्हा आबाच म्हणाले, "शिकंल की. आमी कुठं आडवतोय?"

लग्नाला पंधरा दिवस झाले आणि मला कळलं की त्यांचा उजवा हात थरथरतो. पाण्याचा तांब्या धरला तरी पाणी सांडायचं. घरी सून आणायची नव्हती, हात आणायचा होता. हात माझ्या अंगाला जोडलेला होता म्हणून मी बरोबर आले.

माझी जागा म्हणजे दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामधली खोली. रुंदी एवढी की हात पसरले तर दोन्ही भिंती लागायच्या. एक खिडकी होती, तिच्यातून शेजारच्या घराची भिंत दिसायची. उजेड मात्र चांगला यायचा, म्हणून तर ती जागा. दुकानात गिऱ्हाईक असलं की मी खोकायचंसुद्धा नाही. आबांचा हात गेलाय हे बाहेर कळता कामा नये. आणि सून मेलेल्यांची तोंडं रंगवते हे तर मुळीच नाही. हातातल्या काचेच्या बांगड्या वाजतात म्हणून सासूबाईंनी मला प्लास्टिकच्या दोन-दोन घालायला लावल्या. दिवसभर मी दुसऱ्यांच्या काकणांना हिरवा रंग द्यायचे आणि माझ्या हातात प्लास्टिक. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आबांनी मला काम मात्र मनापासून शिकवलं, ते नाकारणार नाही. कागद आधी ओलसर करायचा, टीपकागदानं टिपायचा. ब्रश झिरो नंबरचा, त्याचं टोक जिभेवर ओढून बारीक करायचं. सगळ्यात वाईट रंग लाल. पाणी जरा जास्त झालं तर पसरतो, आणि एकदा कागदात शिरला की निघत नाही. कुंकू कधीच एका दमात लावायचं नाही. फिक्का ठिपका ठेवायचा, वाळू द्यायचा, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. दहाबारा वेळा. जोंधळ्याएवढ्या जागेवर अर्धा दिवस जायचा. फोटोच्या मागे आबा पेन्सिलीनं खूण करून द्यायचे. टिंब म्हणजे भरलेलं कपाळ, आडवी रेघ म्हणजे मोकळं.

माझी बोटं लाल व्हायची. ती मी रोज लिंबानं घासायचे, बाहेर कुणी बघू नये म्हणून. आणि आबा? दुकान उघडलं की ते माझ्या खोलीत यायचे, लाल रंगाच्या वाटीत अंगठा आणि पहिलं बोट बुडवायचे, धोतराला किंचित पुसायचे आणि काउंटरशी जाऊन उभे राहायचे. गिऱ्हाइकाला बोटं दिसली पाहिजेत. लोक म्हणायचे, आबांच्या बोटांचा रंग मेल्यावरच जाईल. मी पडद्यामागे दात आवळून ऐकायचे.

एकदा दुपारी आबा आडवे झाले होते, सासूबाई दळण आणायला गेल्या होत्या, आणि दुकानात कुणीतरी हाका मारायला लागलं. मला बाहेर यावंच लागलं. बौद्ध वस्तीतल्या एक शिक्षिका होत्या. वडील गेले होते, त्यांचा फोटो घेऊन आल्या होत्या. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, खिशाला पेन. "पुण्यानुमोदनाच्या दिवशी पाहिजे," म्हणाल्या. "वस्तीतले पहिले मॅट्रिक होते आमचे वडील. पेन तेवढा निळा करा. बाकी कशाला हात लावू नका." एवढं बोलताना त्यांची नजर माझ्या बोटांवर गेली. मी हात पदराखाली घेतला. त्या हसल्या नाहीत, काही विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या, "टोपणाची पट्टी पिवळी होती. ती मात्र विसरू नका, ताई."

तो पेन मी जसा रंगवला तसा दुसरा कुठलाच फोटो रंगवला नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणी मला काम सांगितलं होतं. मला.

बाई फोटो न्यायला आल्या त्या आबा घरी नसल्याचं बघूनच. फोटोतला पेन डोळ्यांशी धरून बघितला. मग पिशवीतून एक फॉर्म काढला. बारामतीत चित्रकला शिक्षकाचा कोर्स होता, बारावीवर मिळायचा, इंटरमिजिएट झालेली असली की झालं. इंदापुरातून एसटीनं रोज जाऊन येण्यासारखा. "जूनमधे भरायचा," म्हणाल्या.

मी फॉर्म नवऱ्याला दाखवला. ते बारामतीलाच दूध डेअरीत कामाला, रोज सकाळच्या गाडीनं जायचे. मी म्हटलं, तुमच्याच गाडीनं जाईन, तुमच्याच गाडीनं येईन. त्यांनी फॉर्म उलटापालटा करून बघितला आणि म्हणाले, "आबांना इचार." हा माणूस वाईट नव्हता. आबांना विचार याच्यापुढे त्यांची गाडी कधी गेली नाही, एवढंच.

आबांना विचारलं. आबा म्हणाले, "जा की. कोन न्हाय म्हनतंय? ही तेवढी चार दहावी उरकून जा." चार दहावी उरकली तोवर आणखी तीन आली. बावड्याची आली, डाळजची आली. त्या जूनमधला फॉर्म राहिला. पुढच्या जूनला पुन्हा तेच, "एवढी उरकून जा." तालुक्यातली माणसं मरायची थांबली तरच माझा नंबर लागणार होता. रात्रंदिवस कोंडल्यासारखं वाटायचं. कुठं कुणी गेल्याची बातमी कानावर आली की पहिल्यांदा मला माझंच वाईट वाटायचं, मेलेल्याचं नाही. इतकी मी वाईट झाले होते.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात माझ्या डोक्यात आलं की दार कुणी उघडून देणार नाही, आतूनच मोडलं पाहिजे. आबांचं सगळं त्यांच्या नावावर चालायचं. एकच मोठी चूक झाली, चारचौघांत बोभाटा झाला की लोक येणार नाहीत. लोक आले नाहीत की खोली रिकामी, आणि खोली रिकामी की मी मोकळी. चूकही कसली करायची ते ठरलेलं होतं. तसा फोटो यायची वाट बघत राहिले.

तो बावड्याहून आला. सत्तरीची म्हातारी, डोईवर पदर, मोठे डोळे, मागे आडवी रेघ. मी फोटो समोर ठेवला आणि त्या मोकळ्या कपाळावर कुंकू लावलं. लपूनछपून नाही, ठसठशीत, मोठ्या चिंचोक्याएवढं. बारा वेळा ब्रश फिरवला आणि बाराही वेळा हात थांबवता आला असता. काकणंही भरली. आबांना तोवर मोतीबिंदूनं जवळचं धड दिसत नव्हतं, ते मागची खूण तेवढी बघून फोटो गुंडाळून ठेवायचे.

म्हातारीचा मुलगा दहाव्याच्या आदल्या दिवशी आला. पन्नाशीचा धिप्पाड बागाईतदार, मोठा आवाज. मी पडद्याच्या फटीला डोळा लावला. त्यानं कागद सोडला, फोटो काउंटरवर ठेवला आणि त्यावर वाकला. आता ओरडेल, आता काच फुटेल, असं मनात धरून मी उभी.

"आबा," तो म्हणाला, आणि आवाज फाटला. "म्या पोटात व्हतो तवाच आमचं वडील गेलं. म्या आईला अशी कवाच बघितली न्हाय. पन्नास वर्सात एकदाबी न्हाय." आणि तो एवढा मोठा माणूस काउंटरवर डोकं टेकून रडायला लागला.

आबांनी फोटो डोळ्यांशी नेला. त्यांना काय झालंय ते कळलं. मग घसा खाकरून म्हणाले, "माउलीचं कपाळ मोकळं ठिवायला माझा हातच धजंना बग."

आयत्या बिळावर नागोबा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

माणूस गेल्यावर आबा आत आले. "रेघ दिसली न्हवती का?" त्यांनी विचारलं.

"दिसली," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मी का केलं ते त्यांना पुरतं उमगलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "चांगलं दिसतंय," आणि निघून गेले.

दहाव्याला बावड्यात कुजबुज झाली असणार, पण त्या माणसापुढे बोलायची टाप कुणाची? महिना गेला नाही तोच दोघं भाऊ आले. आई विधवा गेलेली, म्हणाले, तसंच करा. मग एक मुलगी एकटीच आली. मग तर जुने, भिंतीवर लावलेले फोटो खिळ्यांवरून उतरवून लोक आणायला लागले. एकदोघे भांडायलाही आले, हा काय नवा धर्म काढलाय म्हणून. पण येणाऱ्यांपुढे ते किती! आबांचं नाव पार भिगवणच्या पुढं गेलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. त्या खोलीचं दार मोडायला गेले आणि स्वतःच्या हातानं आणखी एक कुलूप घातलं. जून आला आणि गेला. मी फॉर्म कपाटातल्या कागदाखाली सरकवला.

खोटं कशाला बोलू, ती कुंकवं लावताना मला बरंही वाटायचं. हेच तर जास्त छळायचं. हे काम नुसतं वाईट असतं तर मी केव्हाच भांडून सुटले असते.

आबा गेले ते दशक सरताना. चहा पितापिता गेले. बारामतीत तोवर एका स्टुडिओत कॉम्प्युटर आला होता, लोक तिकडचंही बोलायला लागले होते. राख सावडून आले आणि सासूबाई माझ्याकडे फोटो घेऊन आल्या. आबा खुर्चीत बसलेले, डोक्यावर पांढरी टोपी, हात गुडघ्यांवर. फेटा नाही की काही नाही, रंगवायला जागाच नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "बोटं लाल कर, बाई. त्यांची वळख ती."

नाही म्हणणार होते. ती बोटं माझी होती. पण तीन दिवसांमागं विधवा झालेली ती बाई समोर मोकळ्या कपाळानं उभी, मी काय बोलणार? मी अंगठा आणि पहिलं बोट लाल केलं. वाटीत बुडवल्यासारखं, धोतराला किंचित पुसल्यासारखं. अगदी जसं होतं तसं. रंगवता रंगवता रडले, आणि ते रागानं की मायेनं ते मला आजही सांगता येत नाही.

दहाव्याच्या दिवशी सकाळी शिक्षिका बाई भेटायला आल्या होत्या. जाताना हळूच म्हणाल्या, "आता तरी बघा, ताई. वयाची अट आहे, तुम्हाला एवढं एक वर्ष राहिलंय." मीही तेच मोजत होते. दुकान आबांच्या नावावर, हात आबांचा, आबा गेले म्हणजे हात गेला. कुणी यायचंच नाही. नवरा काही दुकान चालवणार नव्हता. मला फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात माझा हात कोण धरणार? दहा वर्षांची सवय होती.

घाटावरून मंडळी घरी आली. फोटो ओसरीवर खुर्चीत हार घालून ठेवला होता. चहा फिरत होता, मी दारात उभी. डाळजचे एक तात्या फोटोसमोर वाकले, डोळे बारीक करून बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बगा, सोताचा फोटु बी सोताच करून ठिवला व्हता की आबांनी. असा हात पुन्यांदा व्हनं न्हाय."

"व्हय, व्हय," सगळे म्हणाले. नवऱ्यानंही मान डोलावली.

माझ्या मनात लख्ख होतं. गप्प बसले तर बारामतीची गाडी. बोलले तर जन्मभराची खोली. एवढं समोर दिसत असताना माझं तोंड उघडलं.

"त्यो म्या केलाय," मी म्हटलं.

शाळेत शिकलेली भाषा कुठल्या कुठं गेली. मी पदराखालचा हात बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर धरला. त्या आठवड्यात लिंबू घासायचं राहून गेलं होतं, बोटं पेरापर्यंत लाल होती. "धा वर्सं म्याच करतीया," मी म्हटलं. "समदे. तुमच्या घरातले बी."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. नवरा माझ्या हाताकडे पहिल्यांदाच बघितल्यासारखा बघत होता. मला वाटलं, आता कुणीतरी दटावेल. कुणी दटावलं नाही.

तात्या उठून माझ्यापुढे आले. माझ्या बोटांकडे बघितलं, मग फोटोतल्या बोटांकडे. मग सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला आणि पाकिटातून एक चुरगळलेला फोटो काढला. नऊवारीतली एक बाई, गालावर घडीची रेघ पडलेली. "माझी भन हाय," म्हणाले. "गेल्या सालीच गेली. आबांकडं आनायचा आनायचा म्हनत व्हतो, आन् आबाच गेलं. म्हनलं आता ऱ्हायलं."

शिक्षिका बाई पायऱ्यांशी उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघायचं मी टाळलं.

"कपाळ कसं ठिवायचं?" मी विचारलं.

तात्यांनी फोटो माझ्या हातात दिला. "तुमी ठरवा, बाई," म्हणाले. "तुमालाच कळतंय ते."

मी तो पदरानं पुसला आणि आत खोलीत नेऊन ठेवला.